बाईंना विचारा : सांतिनेज म्हणजे कोण?

जानेवारीच्या अंकात पणजीतल्या फोंताईन्हासच्या फेस्ताविषयी, म्हणजे तिथल्या संताच्या सणाविषयी, मी चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा गठ्ठाच आला. एरवी मला विचारतात ते कदंबांच्या नाण्यांविषयी, नाहीतर आडनावांच्या मुळाविषयी. या खेपेला सगळी पत्रं सांतांविषयी. पणजीत छत्तीस वर्षं इतिहास शिकवला, पण रोमचा धडा दोन गुणांचा म्हणून पावसाच्या पहिल्या आठवड्यात उरकून टाकायचे. त्याची भरपाई आता करते. श्रद्धेचे प्रश्न पाद्रींना विचारावेत. मी ख्रिस्ती नाही. इतिहासाचं तेवढं सांगते.

मी सांतिनेजला शिकवणीला जातो. हे नाव कुठून आलं? सरांना विचारलं तर म्हणाले, पोर्तुगीज असेल. — अकरावीचा विद्यार्थी, ताळगाव

सर अर्धे बरोबर आहेत. ‘इनेश’ हे पोर्तुगीज रूप, मूळ नाव आग्नेस. तिथल्या इगर्जीवरून (चर्चवरून) वाड्याला नाव पडलं, वाड्यावरून खाडीला, आणि आज सांतिनेज म्हटलं की लोक आधी नाकाला रुमाल लावतात. ही आग्नेस रोममधली मुलगी. तुझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. मिलानचा बिशप अँब्रोज चौथ्या शतकात लिहितो की ती बारा वर्षांची होती, आणि पुढे एक बारीक गोष्ट सांगतो: बेड्या आणल्या, पण तिच्या मनगटात बसेल इतकी लहान बेडी कुठे मिळेना. अँब्रोजने हे डोळ्यांनी पाहिलेलं नाही, तो नंतरचा. तरी तिची आठवण रोममध्ये फार जुनी आहे. नोमेंताना रस्त्यावर तिची कबर होती, तिच्यावर आजही बासिलिका आहे.

चित्रांत तिच्या हातात कोकरू असतं. ग्रीक भाषेत तिच्या नावाचा अर्थ शुद्ध, पण लॅटिन कानाला ते कोकराच्या शब्दासारखं ऐकू आलं आणि कोकरू कायमचं चिकटलं. 21 जानेवारी हा तिचा दिवस. परंपरेने त्या दिवशी रोममध्ये दोन कोकरांना आशीर्वाद देतात, आणि त्यांची लोकर जगभरच्या आर्चबिशपांच्या खांद्यावरच्या पांढऱ्या पट्टीसाठी वापरतात. एका मुलीच्या नावाच्या अपभ्रंशावरून एवढं सगळं उभं राहिलं. पुढच्या वेळी बसच्या कंडक्टरने ‘सांतिनेज, सांतिनेज’ ओरडलं की बघ काय वाटतं.

सेबास्त्यांव बाणांनी मेला ना? मग आमची आजी ‘तो बाणांनी मेलोच ना’ असं का म्हणायची? — म्हापसा

आजीचं बरोबर. मलाही हे एका म्हातारीनेच सांगितलं, पुस्तकाने नव्हे.

आम्ही फोंताईन्हासला भाड्याने राहायचो. शेजारी एक तीय (ख्रिस्ती मावशी) होती, एकटी, पोदेराकडून (पाववाल्याकडून) रोज दोनच उंडे घेणारी. तिच्या साल्यात (दिवाणखान्यात) काचेच्या पेटीत सांत सेबास्त्यांव उभा होता, वीतभर उंचीचा, लाकडी, झाडाला बांधलेला. बाण मात्र लाकडाचे नव्हते, पितळेच्या टाचण्यांसारखे होते आणि काढता यायचे. फेस्ताच्या आदल्या दिवशी ती ते एकेक काढून चिंचेने घासायची. मी पाच-सहा वर्षांची. बाण काढलेल्या जागी उरलेली बारीक भोकं बघून मी विचारलं, हा मेला का? ती म्हणाली, “ना गो. एके बायलेन ताका बरो केलो. मागीर तो परत राजाकडेन गेलो, आनी मागीर मेलो.”

कथा अशी. सेबास्त्यांव हा सम्राट दायोक्लेशियनच्या पहाऱ्यावरचा सैनिक. ख्रिस्ती असल्याचं उघड झाल्यावर तिरंदाजांच्या हवाली केला. मेला समजून सोडून गेले. इरेना नावाची विधवा प्रेत न्यायला आली तर श्वास चालू. तिने त्याला घरी नेऊन बरं केलं. तो पळून जाऊ शकला असता. गेला तो थेट सम्राटाच्या वाटेत उभा राहायला. मग दांडक्यांनी मारून गटारात टाकला.

ही कथा पाचव्या शतकातली, म्हणजे घटनेनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेली. सर्वांत जुनं जे हाती आहे ते एका ओळीचं: 354 सालच्या रोमन पंचांगात 20 जानेवारीला सेबास्त्यांव, कबर आप्पिया रस्त्यावरच्या भुयारी दफनभूमीत, बस्स. रोममध्ये सान पिएत्रो इन विंकोली इगर्जीत सातव्या शतकातलं त्याचं मोझाइक आहे. त्यात तो दाढीवाला, अंगभर कपडे घातलेला प्रौढ माणूस आहे, आणि बाण एकही नाही. तरणाबांड उघडा देह पुढच्या चित्रकारांना हवा होता, म्हणून आला. प्लेगच्या साथीत त्याचा धावा करायची चाल मात्र जुनी आहे. साथ म्हणजे आकाशातून येणारे अदृश्य बाण, ही कल्पना ग्रीकांपासूनची. आपल्याकडे देवीच्या रोगाला देवीच आवरायची, तसं.

रोमन लोक तर सगळ्यांचे देव मानायचे. इजिप्तची इसिस चालली, इराणचा मित्र हा देव चालला. मग ख्रिस्ती लोकांवरच डूख का? — निवृत्त तलाठी, फोंडा

हा खरा प्रश्न. आणि तुम्ही तलाठी आहात म्हणून उत्तर दप्तरातून देते.

रोमनांना तुम्ही मनात काय मानता याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्यांचा आग्रह एवढाच, की गावकीचं जे आहे ते सगळ्यांनी करावं. आपल्याकडे राखणदाराला रोट आणि नारळ द्यायचा असतो. घरात तुम्ही कोणाला का भजेनात. एका घराने नारळ दिला नाही आणि त्याच वर्षी बांध फुटला, तर बोट कोणाकडे जाईल? रोममध्ये तेच. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तेर्तुलियन वैतागून लिहितो: तायबरला पूर आला, नाहीतर नाईलला आला नाही, की लगेच ओरडा, ख्रिस्त्यांना सिंहापुढे टाका. ज्यूंनाही हे यज्ञ चालत नसत, पण त्यांचा धर्म बापजाद्यांचा, म्हणून सूट. हे ख्रिस्ती तर कालचे, आणि बापाचा धर्म सोडून आलेले.

इ.स. 112 च्या सुमारास प्लिनी नावाचा एक सुभेदार, आजच्या उत्तर तुर्कस्तानातला, सम्राट ट्राजनला पत्र लिहून विचारतो की या लोकांचं करायचं काय. सरकारी पत्राचा सूर ओळखीचा वाटेल तुम्हाला. तो म्हणतो, मी प्रत्येकाला तीनदा विचारतो, ख्रिस्ती आहेस का. तिन्ही वेळा हो म्हणाला तर शिक्षा. नाही म्हणाला तर देवांपुढे आणि तुमच्या प्रतिमेपुढे धूप आणि दारू वाहायला लावतो, ख्रिस्ताला शिव्या द्यायला लावतो, मग सोडतो. गुन्हा काय सापडला? पहाटे जमतात, गाणं म्हणतात, चोरी करणार नाही अशी शपथ घेतात. खात्रीसाठी दोन दासींना छळून विचारलं, त्यातूनही काही निघालं नाही. पत्राच्या शेवटी तो समाधानाने कळवतो की ओस पडलेल्या देवळांत पुन्हा गर्दी होऊ लागली आहे आणि बळीच्या मांसाला पुन्हा गिऱ्हाईक मिळू लागलं आहे. ट्राजनचं उत्तर तोकडं: मुद्दाम शोधत फिरू नका, सापडले तर शिक्षा करा, निनावी तक्रारी घेऊ नका.

म्हणजे सतत तीनशे वर्षं कत्तल चालू होती असं नाही. इथे एक दंगल, तिथे एक कडक सुभेदार, मधे वीस-तीस वर्षं शांतता. साम्राज्यभर हुकूम सुटला तो सम्राट डेसियसच्या काळात, 250 साली. साम्राज्यातल्या प्रत्येकाने देवांना बळी द्यायचा, मांस चाखायचं आणि समितीकडून तसा दाखला घ्यायचा. इजिप्तच्या कोरड्या वाळूत हे दाखले टिकले, चाळिसांहून जास्त सापडलेत. त्यातला एक मी छत्तीस वर्षं वर्गात सांगायला हवा होता आणि कधी सांगितला नाही, म्हणून इथे सांगते. अर्जदार औरेलियस दियोजेनेस, सताबूसचा मुलगा, राहणार अलेक्झांडरचं बेट नावाचं गाव, वय 72, उजव्या भुवईवर व्रण. मी नेहमीच देवांना बळी देत आलो आहे, आताही तुमच्यासमोर दिला, चाखला, तसं प्रमाणित करावं ही विनंती. तारीख आपल्या हिशोबाने 26 जून 250.

भुवईवरचा व्रण वाचला आणि मला तुमच्या कचेरीतला ओळख पटवायचा रकाना आठवला. हा दियोजेनेस ख्रिस्ती होता की नव्हता, त्या कागदावरून ठरत नाही. दाखला सगळ्यांनाच लागत होता. पण पुष्कळ ख्रिस्त्यांनी बळी दिला, आणि पुष्कळांनी बळी न देता पैसे चारून नुसता कागद मिळवला. कागद विकणारा कारकून सगळ्या साम्राज्यांत असतो. वादळ ओसरल्यावर हे सगळे परत इगर्जीच्या दारात. त्यांना आत घ्यायचं की नाही यावर कार्थेजमध्ये भांडणं लागली. तिथला बिशप सिप्रियन स्वतः त्या वर्षी लपून राहिला होता, त्यामुळे त्याला बोलणंही कठीण. 258 साली सम्राट वालेरियनच्या वेळी मात्र तो लपला नाही. डोकं उडवणाऱ्याला पंचवीस सोन्याची नाणी द्यायला सांगून तो गुडघ्यावर बसला.

सर्वांत मोठा छळ 303 सालचा, दायोक्लेशियनचा: इगर्जी पाडा, पोथ्या जाळा. आठ वर्षांनी त्याच्याच सोबतच्या सम्राट गालेरियसने मरणाच्या दारात तो हुकूम मागे घेतला. 313 पासून उघड मोकळीक.

ख्रिस्ती लोक भुयारांत लपून राहायचे हे खरं का? आणि कोलोसियममध्ये सिंह? — मडगाव

भुयारं ही दफनभूमी, लपायची जागा नव्हे. रोमच्या पोलिसांना ती चांगली ठाऊक होती. श्वापदांपुढे टाकायची शिक्षा होतीच, पण ख्रिस्त्यांना नेमकं कोलोसियममध्येच मारल्याचा भक्कम पुरावा नाही.

से कॅथेड्रलच्या मोठ्या वेदीवर सांत कातारीनाची गोष्ट कोरली आहे. पर्यटक विचारतात, ती खरंच होऊन गेली का? काय सांगू? — गाईड, जुने गोवे

वेदी दाखवा, वर्षं सांगा आणि थोडं थांबा. 25 नोव्हेंबर 1510 ला आल्बुकर्कने गोवा घेतला, तो कातारीनाचा दिवस, म्हणून ती इथली पालक. तिची कथा म्हणजे आलेक्झांड्रियाची राजकन्या, पन्नास पंडितांना वादात हरवते, खिळ्यांचं चाक तिला लागताच मोडतं, शेवटी तलवार. वेदीवरचे ते सोनेरी चौकोन याच गोष्टीचे. पण तिच्या काळातली एकही नोंद नाही, कथा शतकांनंतरची. 1969 साली रोमने आपल्या सर्वसाधारण पंचांगातून तिचा दिवस काढला आणि 2002 साली ऐच्छिक म्हणून परत घातला. काही अभ्यासकांना तिच्यात हायपेशियाची उलटी सावली दिसते. हायपेशिया त्याच शहरातली गणिती, विदुषी, आणि ख्रिस्ती नव्हे. तिला 415 साली ख्रिस्ती जमावाने मारलं. हे पर्यटकांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी सांगितलं असतं.

या साऱ्या गोष्टी पुरुषांनी लिहिलेल्या. या बायकांपैकी कोणी स्वतः काही बोललं आहे का? — गृहिणी, डिचोली

हो. आणि तुमच्या पत्रासाठी मी सगळ्यात जास्त वेळ राखून ठेवला होता.

पेर्पेतुआ, कार्थेजची, बावीस वर्षांची, चांगल्या घरची, अंगावर पिणारं मूल. 203 साली तिला पकडलं आणि तुरुंगात तिने स्वतः लॅटिनमध्ये लिहिलं. तेही काय लिहिते? काळोख, उकाडा, गर्दी, शिपायांची धक्काबुक्की, आणि बाळाची काळजी. बाळ भुकेने सुकत चाललं होतं. ते तिच्याजवळ ठेवायची परवानगी मिळाली तेव्हा ती म्हणते, तुरुंगच एकाएकी मला वाडा वाटू लागला. छातीत दूध तटलेल्या बाईलाच हे वाक्य सुचेल.

बाप पुन्हापुन्हा येतो. पहिल्या भेटीत ती त्याला कोपऱ्यातली घागर दाखवते: हिला घागरीवाचून दुसरं नाव आहे का? नाही. मग मीही जी आहे त्याहून वेगळं नाव सांगू शकत नाही. पुढे बाप तिचे हात चुंबतो, पाया पडतो आणि तिला मुलगी म्हणायचं सोडून बाईसाहेब म्हणू लागतो. त्याच्या पांढऱ्या केसांची दया येते असं ती लिहिते. त्याच्यासाठी बदलत मात्र नाही. खरं सांगते, दरवेळी वाचताना मी बापाच्या बाजूने असते.

तिच्याबरोबर फेलिसिती नावाची दासी होती, आठ महिने भरलेली. गरोदर बाईला मारायची कायद्याने बंदी, म्हणून हिला मागे ठेवतील याचीच तिला धास्ती. कळा लवकर सुरू झाल्या. पहारेकरी म्हणाला, आत्ताच एवढी ओरडतेस, श्वापदांपुढे काय करशील? मुलगी झाली, ती एका बहिणीने वाढवली. 7 मार्चला दोघींना रिंगणात नेलं, त्यांच्यावर पिसाळलेली गाय सोडली. शेवटचं पान दुसऱ्या कोणाच्या हातचं, अर्थातच. पेर्पेतुआने विस्कटलेले केस बांधून घेतले, कारण मोकळे केस शोकाचे. मारायला आलेला तरुण नवखा होता, त्याचा हात थरथरत होता. तो तिने धरून आपल्या गळ्याशी नेला.

आमच्या गावात 10 ऑगस्टला सांत लोरेन्साच्या फेस्ताला मांडवीच्या तोंडावरचा वाळूचा बांध फुटतो म्हणतात. संबंध काय? — कांदोळी

संबंध पंचांगाचा. लोरेन्स हा रोमचा देयाकोन (पाद्रीच्या खालच्या पदाचा धर्मसेवक), 10 ऑगस्ट 258 ला मारला गेला, आणि आपल्याकडे त्याच सुमाराला पावसाळी समुद्र निवळून होड्या बाहेर पडू लागतात. जाळीवर भाजताना ‘ही बाजू झाली, आता परता’ म्हणाला तोच हा. एका विद्वानाच्या मते लॅटिनमध्ये ‘मारला गेला’ या शब्दाचं पहिलं अक्षर गळून ‘भाजला गेला’ झालं असावं. मासळी भाजणाऱ्या गावाला हे पटणार नाही.

‘मार्टर’ला मराठीत हुतात्मा म्हणावं का? — शिक्षिका, पेडणे

पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकाशेजारच्या शिक्षिकेने हुतात्मा म्हटलं तर मी कोण हरकत घेणार? पण चित्र वेगळं आहे. हुतात्मा म्हणजे ज्याने स्वतःची आहुती दिली, यात यज्ञ आहे. ग्रीक ‘मार्तुस’ म्हणजे कोर्टातला साक्षीदार. अरबी ‘शहीद’चं मूळही साक्षच. मराठी ख्रिस्ती लोक ‘रक्तसाक्षी’ म्हणतात, तो मला नेमका वाटतो. आणि ही परंपरा गोव्याचीच आहे. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण 1616 चं; त्यानंतर काही वर्षांतच एतियेन दे ला क्रुवा या फ्रेंच जेझुइटाने सांव पेद्रुवर, म्हणजे संत पीटरवर, मराठीत ओवीबद्ध पुराण रचलं. नीरोच्या रोममध्ये मारला गेलेला गालीलचा कोळी सतराव्या शतकात मराठी ओवीत आला.

तुमचं कुलदैवत कवळ्याचं. पोर्तुगिजांनी आपल्या देवांना नदीपार पळवलं, आणि तुम्ही त्यांच्याच संतांच्या कथा गोड करून सांगता? — नाव न देण्याची विनंती, फोंडा

आमची शांतादुर्गा केळशीहून निघाली, झुआरी ओलांडून आदिलशाहीतल्या अंत्रूजात (आजच्या फोंड्यात) गेली, हे मला पाळण्यात सांगितलंय. विसरलेले नाही.

फोंताईन्हासच्या कपेलात (छोट्या प्रार्थनामंदिरात) वेदीवर एक मोठा क्रूस आहे. एरवी ख्रिस्ताचं डोकं छातीवर झुकलेलं असतं, डोळे मिटलेले असतात. इथे मान ताठ आणि डोळे सताड उघडे. तो मूळचा जुन्या गोव्यातल्या इंक्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीज धर्मन्यायालयाच्या, वाड्यातला. जबानी देणाऱ्यावर नजर राहावी म्हणून डोळे उघडे, असं सांगतात. ते न्यायालय 1560 ला आलं, मधली चार वर्षं सोडली तर 1812 पर्यंत चाललं. तोच क्रूस आज ज्याच्या कपेलात आहे, त्या सेबास्त्यांवालाही राज्याने सक्तीच्या धर्मासाठीच मारलं होतं. मी गोड करते म्हणता, तर हे लिहून घ्या.

आता तीयची आणखी एक गोष्ट. माझी आजी एकदा पणजीला आली. दोघी म्हाताऱ्या बाल्कांवात (दारापुढच्या ओट्यावर) बसल्या होत्या. आजीने विचारलं, तुमचं मूळ गाव कुठलं? तीय म्हणाली, केळशी. आजी गप्प झाली. मग तीयच बोलली, “तुमी देवीक घेवन पलतडीं गेलीं, आमी हांगाच उरलीं.” आजीने विचारलं, का उरलात? तीय म्हणाली, तिच्या पणजोबाच्या पणजोबाला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असलं तरी शेत होतं, म्हातारी आई होती.

दर चवथीला आमच्याकडून तिच्याकडे नेवऱ्या जायच्या, फेस्ताला तिच्याकडून खाजें यायचं. त्या वर्षी आजीने नेवऱ्यांचं ताट स्वतः नेलं.